प्लेटो किती आणि बायबल किती? आद्य ख्रिस्ती विचारवंतांवरचा ग्रीक प्रभाव कसा तपासायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ख्रिस्ती धर्मसिद्धान्त म्हणजे बायबलचा झगा घातलेला प्लेटो, असं एका ठिकाणी वाचलं. दुसरीकडे आद्य ख्रिस्ती लेखक टर्टुलियनचं ‘अथेन्सचा जेरुसलेमशी संबंध काय?’ (म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञानाचा धर्माशी संबंध काय?) हे वाक्य वाचलं. मग खरं कोणतं? आणि निबंधात एखादी कल्पना ग्रीकांकडून आली असं म्हणायचं, तर ते दाखवायचं कसं?

अडचण ‘प्रभाव’ या शब्दातच आहे. शब्द उसना घेणं, युक्तिवाद उसना घेणं, ग्रंथ वाचायची रीत उसनी घेणं आणि सिद्धान्तच उसना घेणं, या चार निरनिराळ्या गोष्टी. पहिलीचा पुरावा द्यायचा आणि चौथी सिद्ध झाली म्हणून मोकळं व्हायचं, ही या विषयातली नेहमीची चूक. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. मराठी ओव्यांतल्या त्या ग्रंथात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलंय. म्हणून स्टीफन्स वैष्णव झाले असं कोणी म्हणत नाही. ऐकणाऱ्याच्या ओळखीचा शब्द त्यांनी घेतला आणि त्यात आपला अर्थ भरला. पण वैकुंठ म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात आधीचं जे उमटतं ते पुसता येत नाही, हेही तितकंच खरं. दुसऱ्या ते पाचव्या शतकातल्या ग्रीक शब्दांचं नेमकं हेच झालं.

तुम्ही वाचलेलं ‘झगा घातलेला प्लेटो’ हे मत नवं नाही. १९व्या शतकाच्या अखेरीस अडोल्फ फॉन हारनाक या जर्मन इतिहासकाराने ते सगळ्यात जोरकसपणे मांडलं: धर्मसिद्धान्त ही शुभवर्तमानाच्या भूमीवर ग्रीक बुद्धीने उभारलेली रचना आहे. माझ्या मते शब्दसंपत्तीपुरतं हे बरोबर आहे, निष्कर्षांपुरतं बरंचसं चूक. हे पुढे उदाहरणांनी दाखवतो.

त्याआधी एक कबुली. उत्तर माणसागणिक बदलतं. रोममध्ये बसून सम्राटाला अर्ज लिहिणारा जस्टिन, अलेक्झांड्रियात शिकवणारा क्लेमेंट, कार्थेजमध्ये लॅटिनमधून भांडणारा टर्टुलियन आणि दोनशे वर्षांनी ग्रीक जेमतेम येणारा ऑगस्टीन यांना ‘आद्य ख्रिस्ती विचारवंत’ म्हणून एका पोत्यात भरता येत नाही. लिखाणाचा प्रकारही बघावा लागतो. सम्राटापुढची कैफियत असेल तर लेखक मुद्दाम म्हणणार की आम्ही सांगतो ते तुमच्या तत्त्वज्ञांच्या सांगण्यापासून फार लांब नाही. पाखंड्यांविरुद्धचा ग्रंथ असेल तर तोच माणूस तत्त्वज्ञानाला शिव्या घालेल. नुसत्या कैफियतींवरून प्रभाव मोजलात तर तो फुगलेला दिसेल.

मी कुठलाही दावा आला की सगळ्यात आधी तारखा बघतो. ‘जस्टिनवर नवप्लेटोवादाचा प्रभाव’ असं वाक्य अजूनही छापून येतं. जस्टिन इ.स. १६५च्या सुमारास मारला गेला. नवप्लेटोवाद ज्याच्यापासून सुरू झाला तो प्लोटिनस जन्मला २०४-०५मध्ये. दुसऱ्या शतकात ज्याला प्लेटो म्हणत तो खरं तर मध्य-प्लेटोवाद होता: अपामियाचा न्युमेनियस, अल्किनूसचं पाठ्यपुस्तक वगैरे. या मंडळींनी प्लेटोच्या ‘आकारां’ना देवाच्या मनातले विचार ठरवलं होतं, त्यात अ‍ॅरिस्टॉटलचं आणि स्टोइक या दुसऱ्या ग्रीक पंथाचं बरंच मिसळलं होतं. तेव्हा तुलना प्लेटोच्या मूळ संवादांशी थेट करू नका. त्या काळी शाळेत जो प्लेटो शिकवत त्याच्याशी करा.

तारखांचा धडा खुद्द ऑगस्टीनने गिरवला आहे. प्लेटोला इतकं बरोबर कसं सुचलं, याचं जस्टिन आणि क्लेमेंट यांचं ठरलेलं उत्तर होतं: त्याने मोशेचे, म्हणजे बायबलमधले सगळ्यात आधीचे, ग्रंथ वाचले. ऑगस्टीनही आधी लिहून गेला होता की प्लेटोची इजिप्तमध्ये हिब्रू संदेष्टा यिर्मया याच्याशी गाठ पडली असावी. पुढे ‘देवनगरी’च्या आठव्या भागात त्याने हिशेब केला. प्लेटो यिर्मयानंतर सुमारे शंभर वर्षांनी जन्मला, आणि तो मेला तेव्हा हिब्रू शास्त्रांचा ग्रीक अनुवादही झालेला नव्हता. मग चूक मान्य केली.

तारखेनंतर वाट. कोणी काय, कोणत्या भाषेत आणि कुठून वाचलं? प्लेटोच्या ‘तिमायस’मध्ये २८कवर एक वाक्य आहे: या विश्वाचा कर्ता आणि पिता शोधणं कठीण, आणि सापडला तरी तो सगळ्यांना सांगणं अशक्य. हे वाक्य जस्टिनकडे आहे, अथेनागोरसकडे आहे, क्लेमेंटकडे आहे, टर्टुलियनकडे आहे आणि ख्रिस्ती धर्मावर टीका करणाऱ्या सेल्ससकडेही आहे. याचा अर्थ या सगळ्यांनी ‘तिमायस’ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं असा होत नाही. शाळांत वचनांचे संग्रह फिरत. आपल्याकडे सुभाषितं फिरतात तशी. कालिदासाचं एखादं सुभाषित लग्नपत्रिकेवर छापलं म्हणजे छापणाऱ्याने ‘रघुवंश’ वाचलं असं होत नाही ना? एक अवतरण हा कच्चा पुरावा. त्या संवादातला कमी प्रसिद्ध तपशील, तोही मूळ क्रमाने, लेखकाकडे सापडला तर तो पक्का.

अवतरण देणं आणि मत स्वीकारणं हेही वेगळं. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात पौल अथेन्समध्ये एपिक्युरसपंथी आणि स्टोइक श्रोत्यांपुढे बोलतो आणि त्यांच्याच कवीची ओळ वापरतो की आपण त्याचा वंश आहोत. ती ओळ आराटस या किलिकियातल्या कवीच्या खगोलशास्त्रीय काव्यातली, म्हणजे पौलाच्याच मुलखातली. आराटस ती झ्यूसबद्दल म्हणतो. पौल ती झ्यूसपासून सोडवून निर्माणकर्त्याला लावतो. भाषण ‘मेलेल्यांचं पुनरुत्थान’ इथवर येतं आणि काही श्रोते थट्टा करू लागतात. सामायिक शब्द कुठे संपले तेही लेखकाने नोंदवून ठेवलंय. कोणताही उतारा वाचताना हे दोन बिंदू शोधा: कुठे जुळलं आणि कुठे अडलं. दुसरा बिंदू जास्त बोलका असतो.

आता ‘लोगोस’. मराठी बायबलमध्ये योहानकृत शुभवर्तमान ‘प्रारंभी शब्द होता’ असं सुरू होतं. मराठी वाचकाला लगेच शब्दब्रह्म आठवतं, पाश्चात्त्य वाचकाला लोगोसबद्दल बोलणारा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लिटस. दोघांनीही जरा थांबावं. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव बोलतो आणि होतं, तेहतिसाव्या स्तोत्रात परमेश्वराच्या शब्दाने आकाश निर्माण होतं, आणि तिथे ग्रीक अनुवादात ‘लोगोस’च आहे, नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात ज्ञान देवाजवळ कारागिरासारखं उभं आहे. त्यात अलेक्झांड्रियाच्या फिलोने, येशूच्याच काळातल्या या यहुदी विचारवंताने, मोशे आणि प्लेटो एकत्र वाचून लोगोसला देव आणि जग यांच्यामधला दुवा करून ठेवला होता. योहानाला हेराक्लिटसची गरज नव्हती. मात्र ग्रीक वाचकाच्या कानात त्या शब्दाचे बाकीचे सूर वाजणारच होते. त्यांचा फायदा पुढच्यांनी घेतला.

सगळ्यात पुढे जस्टिन. जन्म शोमरोनातल्या फ्लाविया नेआपोलिसचा, म्हणजे आजच्या नाब्लुसचा. आपली कहाणी तो अशी सांगतो: आधी स्टोइक गुरू केला, त्याला देवाबद्दल काही सांगता येईना; मग अ‍ॅरिस्टॉटलपंथी, त्याने फी मागितली; मग पायथागोरसपंथी, तो म्हणाला आधी संगीत, खगोल, भूमिती शिकून ये; मग प्लेटोपंथी, तिथे मन रमलं; आणि शेवटी समुद्रकाठी भेटलेल्या म्हाताऱ्याने संदेष्ट्यांकडे वळवलं. एकेका पंथाच्या दारातून परत येण्याचा हा साचा त्या काळच्या साहित्यात ठरलेला होता, तेव्हा ती अक्षरशः रोजनिशी समजू नका. पण ख्रिस्ती झाल्यावरही त्याने तत्त्वज्ञाचा झगा उतरवला नाही, ही गोष्ट त्याच्याबद्दल बरंच सांगते.

जस्टिनचा मुद्दा ‘लोगोस स्पर्मातिकोस’, म्हणजे बीज पेरणारा लोगोस. शब्द स्टोइकांचा. त्यांच्याकडे हे बीजरूप लोगोस अनेक असतात आणि द्रव्यातच असतात. निसर्ग त्यांच्यातून उलगडतो. जस्टिनकडे पेरणारा एकच, तो ख्रिस्त, आणि माणसाच्या बुद्धीत पडलेला असतो तो फक्त अंश. म्हणून सॉक्रेटिस आणि हेराक्लिटस लोगोसनुसार जगले, तेव्हा तेही ख्रिस्तीच, असं तो बेधडक लिहितो. जे कोणी जे काही चांगलं बोललं ते आम्हा ख्रिस्ती लोकांचं, असंही. हे वाक्य उदार वाटतं, पण उलटं वाचून बघा: सॉक्रेटिसला मान मिळतो तो ख्रिस्ती म्हणून. शब्द पूर्ण ग्रीक, हिशेब पूर्ण ख्रिस्ती. गंमत अशी की ज्याने त्याला देहदंड दिला तो रोमचा नगराधिकारी रुस्टिकस स्वतः स्टोइक होता. एपिक्टेटसचं लिखाण आपल्या हाती दिल्याबद्दल मार्कस ऑरेलियस ज्याचे आभार मानतो तोच हा.

जस्टिनचं एक उदाहरण निबंधात मोहात पाडेल. ‘तिमायस’मध्ये कारागीर विश्वात्म्याचं द्रव्य लांबीत चिरून दोन पट्ट्या करतो आणि त्या ग्रीक ‘खी’ या अक्षरासारख्या, म्हणजे फुलीसारख्या, एकमेकींवर ठेवतो. जस्टिनला त्यात क्रूस दिसतो: प्लेटोने मोशेने खांबावर टांगलेल्या पितळी सापाची गोष्ट वाचली, पण तो क्रूस आहे हे त्याला कळलं नाही. इथे प्लेटोने जस्टिनला काही शिकवलेलं नाही. जस्टिन प्लेटोला बायबलचा कच्चा विद्यार्थी ठरवतोय. याला प्रभाव म्हणू नका, ताबा म्हणा.

क्लेमेंटबद्दल थोडक्यात. पौलाने गलतीकरांच्या पत्रात नियमशास्त्राला ‘बालरक्षक’ म्हटलंय. मूळ ग्रीक शब्दाचा माणूस म्हणजे मास्तर नव्हे, मुलाला मास्तरांच्या दारापर्यंत नेणारा गुलाम. यहुद्यांना जसं नियमशास्त्र तसं ग्रीकांना तत्त्वज्ञान, असं क्लेमेंट म्हणतो. मान मोठा, पण काम दारापर्यंत सोडण्याचं. न्युमेनियसचं ‘प्लेटो म्हणजे अ‍ॅटिक ग्रीक बोलणारा मोशेच’ हे वचन आपल्यापर्यंत पोचलं त्यात क्लेमेंटचाही हात आहे.

आता टर्टुलियन, कारण तुमचा गोंधळ तिथून सुरू झाला. ते वाक्य पाखंड्यांविरुद्धच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात आहे. सगळा अध्याय वाचलात तर कळेल की त्याचा राग मुख्यतः पाखंड्यांवर आहे: व्हॅलेंटायनसने प्लेटोकडून घेतलं, मार्सियनने स्टोइकांकडून, असं तो आरोपपत्र ठेवतो. आता त्याचाच आत्म्यावरचा ग्रंथ उघडा. आत्मा शरीररूप आहे असं तो मांडतो, स्टोइकांचे युक्तिवाद वापरतो, सोरानस या वैद्याचा आधार घेतो आणि सेनेकाला ‘बरेचदा आपलाच’ म्हणतो. प्रॅक्सियसविरुद्धच्या ग्रंथात तर देव आत्मा असला तरी शरीरच आहे, कारण आत्मा हेही आपल्या प्रकारचं शरीरच, असं म्हणतो. जे खरं अस्तित्वात आहे ते शरीररूप, हे शुद्ध स्टोइक गृहीत. अथेन्सला दार बंद करणाऱ्याच्या घरात अथेन्स आधीच येऊन बसलं होतं, आणि त्याला ते जाणवलंही नसावं. मुद्दाम दिलेल्या अवतरणापेक्षा हा असा न जाणवलेला प्रभाव खोल असतो.

जाता जाता: ‘हास्यास्पद आहे म्हणून मी मानतो’ हे वाक्य टर्टुलियनच्या नावावर खपवू नका. त्या शब्दांत त्याने ते लिहिलेलं नाही. ख्रिस्ताच्या देहावरच्या ग्रंथात तो म्हणतो की देवाचा पुत्र मेला हे विश्वसनीय आहे, कारण ते विसंगत आहे. इतकी अशक्य गोष्ट कोणी रचून सांगणार नाही, या धाटणीचा युक्तिवाद अ‍ॅरिस्टॉटलच्या वक्तृत्वशास्त्रातही सापडतो. बुद्धीविरोधाचा पुरावा म्हणून दिलं जाणारं वाक्य बहुधा वक्तृत्वाच्या वर्गात शिकलेली युक्ती आहे.

इथवर शब्द, अवतरण आणि गृहीतं झाली. आता हारनाकचं म्हणणं जिथे अडखळतं तिकडे येतो.

पहिली जागा सृष्टीची उत्पत्ती. ‘तिमायस’मधला कारागीर आधीपासून असलेल्या अस्ताव्यस्त द्रव्याला आकार देतो. जस्टिन हे जवळपास तसंच स्वीकारतो; देवाने आकारहीन द्रव्यातून जग घडवलं असं लिहितो आणि त्याला त्यात काही अडचण दिसत नाही. एका पिढीतच, १८०च्या सुमारास, अंत्युखियाचा थिओफिलस ते फेटाळतो. त्याचा तर्क सोपा आहे: द्रव्यही देवाइतकंच अनादी असेल तर देव सर्वांचा धनी कसा? आणि आयत्या मालातून वस्तू तर माणूस-कारागीरही करतो, मग देवाचं मोठेपण ते काय? शून्यातून निर्मिती हा सिद्धान्त असा प्लेटोशी भांडताना धारदार झाला. यालाही प्रभावच म्हणायचं, पण उलट्या दिशेचा. प्रश्न ग्रीकांनी दिला, उत्तर त्यांच्याविरुद्ध गेलं.

दुसरी जागा आत्म्याचं अमरत्व. माणूस मेल्यावर त्याचा आत्मा स्वर्गात जातो हा लोकांना ख्रिस्ती धर्माचा गाभा वाटतो, म्हणून इथे प्लेटोचा विजय झाला असं म्हटलं जातं. जस्टिनच्या ट्रिफोबरोबरच्या संवादात मात्र तो म्हातारा सांगतो की आत्मा स्वभावतः अमर नाही. देवाची इच्छा असेतोवर तो जगतो. पुढे ऐंशीव्या अध्यायात जस्टिन म्हणतो की पुनरुत्थान नाही, मरताच आत्मे स्वर्गात जातात, असं सांगणाऱ्यांना ख्रिस्ती समजू नका. प्लेटोपंथी सेल्ससने नेमकी या पुनरुत्थानाचीच टिंगल केली. ही किड्यांची आशा आहे म्हणाला. देहाची लाज वाटणाऱ्या विचाराला देह परत मिळणं हे बक्षीस वाटणार नाहीच.

या बाबतीत प्लेटोच्या सगळ्यात जवळ गेला तो तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ओरिजेन. आत्मे देहाआधी होते, ते देवापासून घसरले आणि शेवटी सगळे परत जातील, असं त्याच्या ‘मूलतत्त्वांविषयी’ या ग्रंथातून वाचलं जातं. जगतो ख्रिस्ती म्हणून पण विचार करतो ग्रीकासारखा, असा टोमणा प्लोटिनसचा शिष्य पॉर्फिरी याने मारला. चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने तो नोंदवून ठेवला म्हणून आपल्याला माहीत. ओरिजेनच्या नावाशी जोडलेली ही मतं ५४३ आणि ५५३ मध्ये निषिद्ध ठरली. पण अवतरण देताना जपून. तो ग्रंथ पूर्ण स्वरूपात मिळतो तो रुफिनसच्या ३९८च्या लॅटिन अनुवादात, आणि अवघड जागा आपण सौम्य केल्या हे रुफिनस स्वतःच सांगतो. मूळ ग्रीकचे तुकडे काही चाहत्यांच्या संग्रहातून येतात, काही सम्राट जस्टिनियनच्या आरोपपत्रातून. एक साक्षीदार मित्र, दुसरा फिर्यादी. कोणता उतारा कुठून आला ते प्रत्येक वेळी लिहा.

आता सगळ्यात गाजलेला शब्द. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेने पुत्र पित्याशी ‘होमोऊसियोस’, एकाच ऊसियाचा, असं ठरवलं. शब्द बायबलमध्ये नाही आणि तो वापरावा लागला याची अनेक बिशपांना खंत होती. ‘ऊसिया’, म्हणजे एखाद्या गोष्टीचं मूळ असणं, हा अ‍ॅरिस्टॉटलच्या शाळेतला ठरलेला शब्द. म्हणून नायसिया हा तत्त्वज्ञानाचा विजय असं वाचायचा मोह होतो. पण त्या काळच्या प्लेटोवादाला आवडणारी रचना उतरंडीची होती: वर परम एक, त्याखाली बुद्धी, त्याखाली आत्मा, प्रत्येक खालचं वरच्यापेक्षा उणं. ज्याचं मत नायसियाने फेटाळलं त्या एरियसचा पुत्र, पित्याखालचा, निर्माण केलेला, पण बाकी सृष्टीच्या वरचा, या उतरंडीत सहज बसतो. (एरियसने ते थेट प्लेटोवाद्यांकडून घेतलं का, यावर अभ्यासक भांडतात.) नायसियाने उतरंड मोडली. ग्रीक शब्द वापरून अ-ग्रीक निष्कर्ष काढला. प्लोटिनसच्या एका निबंधाला पॉर्फिरीने ‘तीन आद्य हिपोस्टासिसांविषयी’ असं शीर्षक दिलंय, तेव्हा तेच त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) असं लिहायचा मोह आवरा: प्लोटिनसचे तीन हे तीन पायऱ्या आहेत, नायसियानंतरचे तीन एका पातळीवर.

आणि शब्द घेताना तो आधी घासावा लागला. ‘हिपोस्टासिस’ म्हणजे शब्दशः खाली ठरलेलं. वैद्यकात तळाशी बसलेल्या गाळाला हाच शब्द. नायसियाच्या शापवचनात, म्हणजे विरोधी मतांना बहिष्कृत करणाऱ्या वाक्यात, ऊसिया आणि हिपोस्टासिस एकाच अर्थाने, ‘किंवा’ घालून, आले आहेत. पुढच्या पन्नास वर्षांत ‘एक ऊसिया, तीन हिपोस्टासिस’ हे सूत्र रुळलं, म्हणजे ज्या दोन शब्दांचा अर्थ एक होता त्यांची मुद्दाम फारकत केली गेली. मधल्या काळात भांडणं झाली ती बरीचशी शब्दांची. लॅटिनमध्ये हिपोस्टासिसचं जसंच्या तसं भाषांतर ‘सुब्स्टान्शिया’, आणि टर्टुलियनपासून तिकडे सूत्र होतं एक सुब्स्टान्शिया, तीन पर्सोना (व्यक्ती). पूर्वेचे तीन हिपोस्टासिस म्हणाले की पश्चिमेला ऐकू येई तीन सुब्स्टान्शिया, म्हणजे तीन देव. पश्चिमेचे तीन पर्सोना म्हणाले की पूर्वेला ऐकू येत तीन मुखवटे, म्हणजे एकाच देवाची तीन सोंगं. जेरोमने सीरियाच्या वाळवंटातून पोप दमाससला वैतागून पत्र लिहिलं, की इथले लोक माझ्याकडून तीन हिपोस्टासिस वदवून घेऊ पाहतात, काय करू? ३६२ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने तिथे शहाणपणाची गोष्ट केली: दोन्ही बाजूंना विचारलं, तुम्हाला या शब्दाने म्हणायचंय काय? दोघांचं म्हणणं एकच निघालं.

कप्पदुकियाच्या तिघांनी, म्हणजे बेसिल, त्याचा भाऊ निसाचा ग्रेगरी आणि मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी यांनी, फारकतीचा नियम बांधला: ऊसिया म्हणजे समाईक, हिपोस्टासिस म्हणजे विशिष्ट. ‘माणूस’ समाईक, ‘पौल’ विशिष्ट. हा नियम अ‍ॅरिस्टॉटलच्या वर्गातला की स्टोइकांच्या, यावर एकमत नाही, आणि निबंधात त्याचा निकाल लावायची गरजही नाही. (हे मांडणारं प्रसिद्ध अडतिसावं पत्र बेसिलच्या नावावर आहे, पण अनेक अभ्यासक ते निसाच्या ग्रेगरीचं मानतात. बेसिलच्या नावानेच हवं असेल तर दोनशे छत्तिसावं घ्या.) उपमा घेतली की तिचा हिशेबही चुकवावा लागतो. पेत्र, याकोब, योहान यांच्यात मनुष्यत्व समाईक असूनही आपण ‘तीन माणसं’ म्हणतो, मग ‘तीन देव’ का नाही? अब्लाबियसला लिहिलेल्या ग्रंथात निसाचा ग्रेगरी या प्रश्नाला तोंड देतो. आधी म्हणतो की ‘तीन माणसं’ हा बोलण्यातला ढिलेपणा आहे, स्वभाव एकच आहे. हे फारसं पटत नाही. मग खरा जोर दुसरीकडे देतो: तीन माणसं तीन वेगळी कामं करतात, देवाचं काम मात्र एकच, पित्यापासून निघतं, पुत्रातून येतं आणि पवित्र आत्म्यात पुरं होतं. उसन्या तर्काची दोरी जिथे आखूड पडली तिथे त्याने ती सोडली. मला हा उतारा या सगळ्या विषयातला सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

ऑगस्टीनबाबत काम सोपं आहे, कारण त्याने हिशेब स्वतःच मांडलाय. एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचं ‘हॉर्टेन्शियस’ (आज ते हरवलंय), मग नऊ-एक वर्षं मानीपंथ (प्रकाश आणि अंधार अशी दोन तत्त्वं मानणारा पंथ), आणि मिलानमध्ये मारियस व्हिक्टोरिनसने लॅटिनमध्ये आणलेली ‘प्लेटोवाद्यांची पुस्तकं’. ‘कबुलीजबाबा’च्या सातव्या भागात, नवव्या अध्यायात, तो दोन रकाने पाडतो. त्या पुस्तकांत प्रारंभी शब्द होता हे मला सापडलं, इतर शब्दांत पण अर्थाने तेच. शब्द देही झाला, हे तिथे सापडलं नाही. दुष्टत्व म्हणजे चांगुलपणाचा अभाव, ही कल्पनाही त्या वाटेने आली. पण प्लोटिनस द्रव्यालाच दुष्टत्वाचं मूळ मानतो, आणि ऑगस्टीनला ते चालत नाही, कारण द्रव्यही देवानेच केलंय. उतारवयात आपल्याच ग्रंथांची उजळणी करताना प्लेटोवाद्यांची स्तुती जास्त केली असंही त्याने लिहून ठेवलं.

पक्का पुरावा कसा दिसतो ते बघायचं असेल तर डायोनिसियसचं प्रकरण वाचा. पौलाचं भाषण ऐकून विश्वास ठेवणाऱ्या अथेन्सकर डायोनिसियसच्या नावावरचे ग्रंथ ५३२ मध्ये वादात प्रथम पुढे आले आणि जवळपास हजार वर्षं त्यांना प्रेषितांच्या काळाचा मान मिळाला. १५व्या शतकात लोरेन्झो व्हाल्लाने शंका घेतली. १८९५ मध्ये ह्यूगो कोख आणि योझेफ श्टिगलमायर या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं की दुष्टत्वावरचा त्यातला भाग ४८५ मध्ये वारलेल्या नवप्लेटोवादी प्रोक्लसच्या ग्रंथावरून घेतलाय. निव्वळ कल्पना सारखी एवढ्यावर ते थांबले नाहीत. मुद्द्यांचा क्रम, उदाहरणं, शब्दप्रयोग शेजारीशेजारी ठेवले.

तुमच्या निबंधासाठी ‘ग्रीक तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती धर्म’ हा विषय घेऊ नका, तो हातात मावणार नाही. एक वाक्य घ्या. ‘तिमायस’ २८क पुरेल. प्लेटोच्या संवादांना हे आकडे १५७८च्या एस्तिएन आवृत्तीच्या पानांवरून पडलेत. अनुवाद कोणताही असो, संदर्भ त्यांनीच द्या, पानक्रमांकाने नव्हे. चर्चपित्यांना भाग आणि अध्यायाने. मग जस्टिनची दुसरी कैफियत, अध्याय दहा, आणि ओरिजेनचं ‘सेल्ससविरुद्ध’, सातवा भाग, अध्याय बेचाळीस, एवढं समोर ठेवा. प्रत्येक ठिकाणी वाक्याचा कोणता अर्धा भाग लेखक उचलतो ते बघा. शोधणं कठीण, यावर जस्टिन आणि सेल्सस दोघांचंही जमतं. ओरिजेन दोन्ही अर्ध्यांवर बोलतो: कठीण नव्हे, देवाने मदत केली नाही तर माणसाला ते अशक्यच आहे. आणि सापडल्यावर सगळ्यांना सांगता येत नाही हे प्लेटोचं खरं असेल, पण शब्द देही झाला तो सगळ्यांपर्यंत पोचता यावं म्हणूनच.